देवगडच्या बाजारात मिळेल तेवढ्यात पोटभर इटालियन जेवण

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला पण दोन ओळीत उरकण्यासारखा नव्हता म्हणून आज सवडीने बसलोय. तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर पुण्याहून देवगडला आलात, घरात सात माणसं, हौसेने व्हाईट सॉसचा पास्ता केलात, सगळ्यांनी गोड मानून खाल्ला पण तासाभराने सासऱ्यांनी हळूच विचारलं भात उरलाय का, आणि इकडे बेसिल, पार्मेजान चीज असलं काही धड मिळत नाही, तर पोट भरेल असं घरगुती इटालियन जेवण करता येईल का, आणि शेवटी खिम्याचा पास्ता कसा करायचा तेही विचारलंय. येईल, अगदी व्यवस्थित येईल. मी ११ वर्षं जहाजावर गॅलीत म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात होतो, त्यातली शेवटची काही वर्षं इटलीतल्या नापोलीकडच्या एका कुकच्या हाताखाली क्रूच्या मेसचं जेवण केलं, आता बरीच वर्षं मालवणला घरीच असतो, त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं इथल्या बाजारातलं सामान घेऊन साध्या दोन बर्नरच्या गॅसवर केलेलं आहे.

पहिलं म्हणजे सासऱ्यांचं काही चुकलेलं नाही. इटलीतसुद्धा नुसता पास्ता म्हणजे पूर्ण जेवण नव्हे. घरी रीतसर जेवण असलं की पास्ता आधी येतो, त्याला ते प्रीमो म्हणतात, माणशी कोरडा ८० ते १०० ग्रॅम, आणि त्यानंतर सेकोंदो म्हणजे मासा किंवा मटण, सोबत भाजी आणि पाव. नापोलीचा रविवारचा रागू बघा, मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोत तासन्‌तास मंद शिजत ठेवतात, मग तो रस आधी पास्त्यावर घालून खातात आणि आतले तुकडे नंतर वेगळे वाढतात. टोप एकच पण जेवणं दोन. तुम्ही केलेला पास्ता हॉटेलातल्या एका प्लेटचा होता, घरच्या जेवणाचा नव्हता, एवढाच फरक. आपल्याकडे पण सार भातावर आणि तळलेला तुकडा बाजूला असतोच की, तशीच मांडणी ठेवा म्हणजे घरच्यांना ते परकं वाटणार नाही.

आता सुरुवात कशाने करायची तर तिसऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांनी. देवगडला खाडी हाकेवर आहे तुमच्या, आणि नापोलीच्या किनाऱ्यावर स्पागेत्ती आल्ले वोंगोले म्हणून जे करतात ते म्हणजे तिसऱ्यांचाच पास्ता. सात माणसांना दोन किलो तिसऱ्या घ्या. मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा म्हणजे रेती सोडतात, पाणी एकदा बदला, जी शिंपली उघडी आहे आणि टकटक केलं तरी मिटत नाही ती टाकून द्या. आपण विळीवर कापून एका बाजूचं कवच टाकतो तसं इथे करायचं नाही, अख्ख्याच ठेवायच्या. मोठ्या कढईत अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, त्यात आठ-दहा लसणीच्या पाकळ्या पातळ चिरून (पेस्ट अजिबात नको), एक-दोन सुक्या मिरच्या मोडून, गॅस मंद, लसूण सोनेरी व्हायच्या आतच तिसऱ्या टाका आणि झाकण ठेवून गॅस मोठा करा. तीन-चार मिनिटांत टपटप उघडायला लागतात. उघडल्या की बाहेर काढा, न उघडलेल्या फेका, आणि तळाला जे पाणी सुटलंय ते फडक्यातून गाळून परत कढईत. सगळी चव त्या पाण्यात आहे. मीठ घालू नका, तिसरीचं पाणी मुळातच खारट असतं, शेवटी चाखून ठरवा. तिकडे यात पांढरी वाईन घालतात, घरात चालत नसेल तर सोडून द्या आणि शेवटी लिंबाचे चार थेंब पिळा. आमसूल घालू नका, मला आमसूल जिवापाड आवडतं पण ते इथे रंग आणि वास दोन्ही आपल्याकडे ओढून घेतं. खोबरं नाही, गरम मसाला नाही, आणि चीजसुद्धा नाही, माशांच्या पास्त्यावर ते लोक सहसा चीज घालत नाहीत.

पहिल्यांदा घरी केलं तेव्हा आई शेजारीच उभी होती, तिने कढईत बघितलं आणि म्हणाली, "मसालो घालूक इसारलंस काय रे?" मी काही बोललो नाही, पळीभर ते गाळलेलं पाणी वाटीत घालून तिच्या हातात दिलं. तिने फुंकर मारून घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि आत जाऊन सकाळची पेज होती त्यात ते ओतून खाल्लं. आता कोणी तिसऱ्या आणून दिल्या की अर्ध्या मसाल्याच्या आणि अर्ध्या तशा, असं तीच सांगते.

पास्ता शिजवायचा हिशोब मला त्या कुकने पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला होता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम पास्ता. सात माणसांना ७०० ग्रॅम म्हणजे सात लिटर होतं, घरी एवढा टोप नसतो, पाच लिटरवर भागतं पण मग मधूनमधून ढवळत राहा, आणि तिसऱ्यांबरोबर असेल तेव्हा मीठ निम्मंच घाला. पाण्यात तेल घालायचं नाही, शिजल्यावर गार पाण्याखाली धुवायचा तर नाहीच नाही, कारण वर जो स्टार्च असतो त्यानेच सॉस धरून राहतो, तो धुतला की पास्ता एकीकडे आणि सॉस एकीकडे. पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला उचला आणि सरळ कढईतल्या रसात टाका, सोबत त्याच उकळत्या पाण्यातलं एक-दोन डाव पाणी, आणि मोठ्या गॅसवर दोन मिनिटं सारखं हलवा. तेल आणि ते पाणी मिळून येतं आणि दुधाळ दाटसर होतं, क्रीम न घालता. मैद्याच्या सॉसची गरजच उरत नाही. हे एक जमलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

आणि त्या मागून मासा. तांबोशी मिळाली तर उत्तम, नाहीतर कुठलाही पांढऱ्या मांसाचा मासा, एक-दीड किलोचा अख्खाच, पोट साफ करून. तेलात लसूण, चार-पाच पिकलेले टोमॅटो फोडी करून, दोन-तीन वाट्या पाणी, मीठ, पाच मिनिटं उकळी, मग मासा आत, पंधरा मिनिटं मंद, मध्ये दोन-तीनदा तोच रस पळीने माशाच्या अंगावर. नापोलीकडे याला आक्वा पात्सा म्हणतात, शब्दशः वेडं पाणी. ताटात मासा, खाली रस, आणि बाजूला पाव. पावाने ताट पुसून खायला त्यांच्याकडे खास शब्द आहे, स्कार्पेत्ता म्हणजे छोटा जोडा, आणि घरात ते कोणी वाईट मानत नाही. सासऱ्यांना भातच हवा असेल तर या रसावर भात द्या, काही बिघडत नाही, मी स्वतः खातो.

पास्त्याचं पाकीट घेताना ड्युरम गहू लिहिलंय का तेवढं बघा. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून सुका पास्ता ड्युरमचाच करावा लागतो, आणि आपल्याकडचा बन्सी गहू म्हणजे तोच ड्युरम. बन्सी रवा कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात मिळतो, त्यामुळे पाकीट नसलं तरी अडत नाही. दक्षिण इटलीत घरी जो पास्ता करतात त्यात अंडं नसतंच, नुसता बारीक रवा आणि कोमट पाणी. बन्सी रवा मिक्सरला फिरवून चाळून घ्या, अर्धा किलोला साधारण पाव लिटर पाणी, थोडं थोडं घालत घट्ट मळा, निदान दहा मिनिटं, मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा.

इथे मला एक सांगायचंच आहे. माझी बायको गुहागरकडची, तिच्या माहेरी लग्नकार्य आलं की वळवट व्हायचं, गव्हले, मालत्या, नखुले, सगळं बायका गोल बसून हाताने करायच्या. मी जहाजावर शिकलेले कावातेल्ली करायला बसलो होतो, म्हणजे कणकेची पेन्सिलीएवढी वळी करून तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा पाटावर बोटाच्या टोकाने दाबत आपल्याकडे ओढायचा, तो आपोआप आत वळतो आणि मध्ये पन्हळ होते, त्या पन्हळीत सॉस बसतो. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी दोन मिनिटं बघितलं, पाट स्वतःकडे ओढला आणि सुरू झाल्या. माझा एक होईपर्यंत त्यांचे चार, सगळे एका मापाचे, आणि बोलणं चालूच, हाताकडे बघतसुद्धा नव्हत्या. म्हणाल्या हे तर आपले नखुलेच, फक्त थोर. दक्षिण इटलीतल्या पुलियामध्ये म्हाताऱ्या बायका घराबाहेर टेबल मांडून ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान वळत बसतात, ती हाताची चाल आणि सासूबाईंची चाल यात मला खरंच फरक दिसला नाही. तुमच्या सासूबाईंना किंवा शेजारच्या एखाद्या काकूंना वळवट येत असेल तर त्यांना बरोबर घ्या, हे एकटीने करायचं काम नाही आणि एकटीने केलं तर कंटाळा येईल. ताजे असले की उकळत्या पाण्यात वर तरंगल्यावर अजून दोन-तीन मिनिटं, एक चाखून बघा.

पावसात मासेमारी बंद असते, जून-जुलै, तेव्हा कडधान्यं. पास्ता ए फाज्योली म्हणजे कडधान्याच्या दाट रश्श्यात छोटा पास्ता, यात आपली चवळी किंवा पावटे सुंदर लागतात. कांदा आणि गाजर बारीक चिरून तेलात अगदी मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं, लाल करायचा नाही, नुसता मऊ आणि गोडसर, यालाच सोफ्रित्तो म्हणतात, त्यात सेलरी पण असते पण इकडे मिळत नाही तर सोडून द्या. मग शिजवलेली चवळी, त्यातली अर्धी घोटून, पाणी, एक टोमॅटो, आणि शेवटी मूठमूठ पास्ता त्यातच शिजवायचा. याहून भारी करायचं असेल तर पास्त्याऐवजी खपली गहू, खिरीसाठी सडलेला मिळतो तो, रात्रभर भिजवून. इटलीतल्या तोस्कानात गार्फान्याना म्हणून डोंगराळ भाग आहे तिथे फार्रो आणि बीन्सचं सूप करतात, तो फार्रो म्हणजे आपला खपलीच, जात एकच. पावसाळी रात्री एक वाटी खाल्ली तर भाताची आठवण येत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

बेसिलचं म्हणाल तर ते तुमच्या घरातच असेल, फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. कुंडीत पेरा, आठवड्याभरात उगवतो, वास जरा उग्र येतो पण शेवटी दोन पानं हाताने तोडून घातली की काम होतं. तुळस घालू नका, ती वेगळी, तिची चव औषधासारखी उतरते. मरवा, जो वेणीत घालतात, तो ओरेगानोचा सख्खा भाऊ आहे आणि जिनोवाकडे स्वयंपाकात सर्रास वापरतात, पण वेणीवाल्याकडचा नको, त्यावर काय फवारलंय कळत नाही, आपल्या परसातलाच घ्या. ती ओरेगानोची छोटी पाकिटं मात्र विसरा, पिझ्झ्यासोबत आलेली, सगळ्याला एकच चव येते त्याने.

चीजवर पैसे घालवू नका, आणि प्रोसेस्ड चीज तर नकोच, ते नुसतं चिकट होतं. दक्षिण इटलीतले गरीब लोक चीज परवडत नव्हतं तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर खमंग परतून वरून घालायचे, अजूनही घालतात. दोन दिवसांचा पाव किसून घ्या, चमचाभर तेल, मंद गॅस, बदामी होईपर्यंत हात थांबवू नका, लगेच करपतो. तिसऱ्यांच्या पास्त्यावर हा कुरकुरीत चुरा आणि खाली तो दुधाळ रस, मला चीजपेक्षा हाच जास्त आवडतो. ऑलिव्ह तेलाची एक छोटी बाटली चांगली एक्स्ट्रा व्हर्जिन आणा कुडाळ किंवा कणकवलीहून, कांदा परतायला शेंगदाण्याचं वापरा आणि चांगलं शेवटी वरून, म्हणजे महिनाभर पुरेल. तिसऱ्यांना मात्र सुरुवातीपासून ऑलिव्हच.

खिम्याचं तुम्ही शेवटी विचारलंय, ते थोडक्यात सांगतो. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या खिम्याच्या रागूची कृती १९८२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवलीय, त्यात गोमांस असतं, टोमॅटो फार नसतो आणि चक्क दूध असतं. मी मटण खिमा घेतो, तोच मंद परतलेला कांदा-गाजर, दोन टोमॅटो, अर्धा कप दूध, किसलेलं जायफळ नखभर, आणि दोन तास मंद आचेवर. आलं-लसूण पेस्ट नाही. कुकरला लावू नका, शिट्टीने पाणी सुटतं आणि खिमा उकडल्यासारखा होतो.

अमावास्येला ओहोटी मोठी लागते, तेव्हा तिसऱ्या ताज्या आणि भरपूर येतात, त्या दिवशीच पहिला प्रयत्न करा. आदल्या रात्री पावाचा चुरा करून डब्यात भरून ठेवा. आणि तिसऱ्यांच्या पाण्याला किती मीठ लागलं, लागलं का मुळात, ते इथे नक्की लिहा, देवगडच्या खाडीतल्या तिसऱ्या मी अजून कधी करून बघितलेल्या नाहीत.