उतरताना विमान उसळते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. तिच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याचे विमान उतरताना दोन-तीनदा उसळले आणि पुढचे चाक मोडले. शेजारी प्रशिक्षक बसलेले असताना असे होतेच कसे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : सेस्ना 172 सारखे छोटे प्रशिक्षण विमान साधारण 65 नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 33 मीटर या गतीने धावपट्टीकडे येते आणि नाक उचलून उतार मोडण्याची क्रिया, म्हणजे फ्लेअर, जमिनीपासून जेमतेम पंधरा-वीस फुटांवर सुरू होते. प्रशिक्षकाच्या हाती उरतात ते मोजके सेकंद. दोघांसमोर नियंत्रणे असतात हे खरे. पण प्रत्येक चूक प्रशिक्षकानेच सावरली तर विद्यार्थी उतरवायला कधी शिकणार, त्यामुळे तो थोडी ढील देतो. घोटाळा होतो तो ढील देण्यात नव्हे, तर ती वेळेवर न आवळण्यात. ‘ओढ, अजून ओढ’ असे तोंडाने सांगण्यात क्षण जातात, घाबरलेला विद्यार्थी योक, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा, घट्ट धरून बसतो आणि दोघे एकाच वेळी दोन दिशांना जोर लावतात. हे टाळण्यासाठीच ‘आय हॅव कंट्रोल’ (नियंत्रण आता माझ्याकडे) हे शब्द ऐकताच हात सोडण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावली जाते. अशा उड्डाणात प्रभारी वैमानिक प्रशिक्षकच असतो, म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न विद्यार्थ्याला नव्हे, त्यालाच विचारला पाहिजे.

प्रश्न : विमान उसळले की माझा हात आपोआप योक पुढे ढकलतो. काय करावे? (एक प्रशिक्षणार्थी, जळगाव)

उत्तर : हीच सवय पुढचे चाक मोडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उसळीचे मूळ बहुधा जादा वेगात असते. 65 ऐवजी 75 नॉटने आलात तर विमानाची गतिज ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. विमान तरंगत राहते, वैतागून तुम्ही ते दाबून टेकवता आणि पुढचे चाक आधी टेकते. त्या धक्क्याने नाक वर फेकले जाते, पंखाचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत जाते. आता तुम्ही योक ढकलता, पण विमानाचा प्रतिसाद क्षणभर उशिरा येतो, तोवर ते स्वतःच खाली येऊ लागलेले असते. परिणामी दुसरा आघात पहिल्यापेक्षा जोराचा आणि पुन्हा नाकावर होतो. तिसऱ्या आघाताची वाट पाहू नका.

उसळी लहान असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत धरून ठेवा, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती, किंचित वाढवा आणि मुख्य (मागच्या) चाकांवर टेकू द्या. उसळी मोठी असेल किंवा दुसरी आली असेल तर सरळ गो-अराउंड करा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढा : पूर्ण थ्रॉटल आणि उजवा रडर (शेपटीवरचे, पायाने चालणारे सुकाणू). 172 मध्ये पूर्ण फ्लॅप (उतरताना खाली वळवलेले पंखांच्या मागच्या कडेचे भाग) असताना पूर्ण शक्ती दिली की नाक जोरात वर जाऊ पाहते, ते मात्र रोखावे लागते. म्हणजे योकवर पुढचा दाब इथे हवाच, फक्त तो नाक स्थिर राखण्यापुरता. फ्लॅप लगेच 20 अंशांवर आणावेत, उरलेले फ्लॅप वेग वाढल्यावर टप्प्याटप्प्याने मिटावेत. एकदम सगळे मिटले तर विमान खाली बसते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा विरळ असते, चढण मंद होते, तेव्हा हा निर्णय आणखी लवकर घ्यावा.

प्रश्न : फक्त प्रोपेलर जमिनीला घासला, तरी विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फिरता प्रोपेलर जमिनीला लागला की त्याचा झटका थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बसतो आणि तडा बाहेरून दिसत नाही, म्हणून लायकॉमिंगसारखे इंजिन उत्पादक इंजिन उघडून तपासायला सांगतात. शिवाय 172 चे पुढचे चाक इंजिनामागील फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधील आगरोधक पत्र्याच्या भिंतीला, जोडलेले असते. नाकावर आपटलेल्या विमानाच्या फायरवॉलच्या खालच्या भागातील पत्र्याला बोटाने चाचपून पाहिले तर बारीक सुरकुती लागते, कधी रडरचे पेडल जड झालेले जाणवते. विद्यार्थ्याने ‘जरा जोरात टेकले’ एवढे सांगण्यात कमीपणा मानू नये. पुढच्या उड्डाणाला त्याच विमानात दुसरा कोणीतरी बसणार असतो.

प्रश्न : अशा प्रत्येक घटनेची सरकारी चौकशी होते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नुकसान केवळ प्रोपेलर, टायर, ब्रेक किंवा पंखाच्या टोकापुरते असेल आणि कोणाला गंभीर इजा नसेल, तर तो ‘अपघात’ ठरत नाही, विमानाच्या सांगाड्याची ताकद कमी झाली असेल तर ठरतो. भारतात अपघातांचा तपास 2012 मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास विभाग करतो, आणि त्याचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष ठरवणे नव्हे. परवान्यावर कारवाई करायची की नाही, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय स्वतंत्रपणे ठरवते.