आधी माल विचार

अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धातल्या वान्या या तेलवाहू जहाजावर, म्हणजे टँकरवर, तू लेख लिहितेयस, त्याचा तक्ता मिळाला. बंदर, निघाल्याची तारीख, पोहोचल्याची तारीख, कॉन्व्हॉयचं म्हणजे राखणीखाली चालणाऱ्या ताफ्याचं नाव, सगळं सुबक भरलंयस. आणि खाली ते वाक्य: "काका, या वान्या जहाजाच्या बाबतीत काही घडतच नाही. बुडालेलं एखादं जहाज घेऊ का?" तुझ्या सरांचंही तेच मत पडलं म्हणतेस. आणि मैत्रिणीने सुचवलं की कॅप्टनच्या तोंडी दोन-चार संवाद घाल, म्हणजे लेख जिवंत होईल. दोघांनाही माझा नमस्कार सांग.

तुझ्या तक्त्यात एक रकाना नाहीच. टाकीत काय होतं?

टँकरबद्दल लिहिणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारायचा, बाकीचं नंतर. कॅप्टनचं नाव नंतर, पाणबुडीचा नंबर त्याहून नंतर. माल काय होता? होता की नव्हता? नव्हता तर आदल्या खेपेला काय होतं? एवढं कळलं की खलाशी रात्री कपडे घालून झोपत होते का, कुठे झोपत होते, पाण्यात पडले तर कशात पडले, हे अर्धंअधिक आपोआप कळतं. तू इतिहास शिकलीस, मी डेकवर आयुष्य काढलं, म्हणून हे मी तुला सांगतोय आणि तुझे सर सांगत नाहीयेत. त्यांचा दोष नाही.

ज्या कॉन्व्हॉयमुळे तू वान्याकडे वळलीस तोच घे. टीएम 1. डिसेंबर 1942 च्या अखेरीस त्रिनिदादहून जिब्राल्टरकडे निघालेले नऊ टँकर. नोव्हेंबरात दोस्तांचं सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलेलं, रणगाडे-विमानांना तेल हवं, ते न्यायला हे निघाले. राखणीला एक विनाशिका, हॅव्हलॉक, आणि तीन कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या लढाऊ बोटी. बस, एवढीच राखण. 3 जानेवारीला ब्रिटिश व्हिजिलन्स गेलं. 8 जानेवारीच्या रात्रीपासून डेल्फिन नावाची जर्मन पाणबुड्यांची टोळी तुटून पडली आणि नऊपैकी सात टँकर संपले. जिब्राल्टरला लागले दोन. क्लायोना हे ब्रिटिश आणि वान्या हे नॉर्वेजियन. आणि तू म्हणतेस, काही घडत नाही!

आता माल विचार. ब्रिटिश डोमिनियनच्या पोटात विमानाचं पेट्रोल होतं. त्यावरची निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं गेली. त्याच कॉन्व्हॉयमधली दोन नॉर्वेजियन जहाजं, अल्बर्ट एल. एल्सवर्थ आणि मिनिस्टर वेडेल, जड जळणतेल घेऊन चालली होती. टॉर्पेडो दोघांनाही लागले, दोन्ही बुडाली, पण त्यांच्यावरची माणसं बोटींत उतरली आणि वाचली. समुद्र तोच, आठवडा तोच, टोळी तीच. फरक टाकीत. शिवाय ही दोन्ही जहाजं माणसांनी सोडल्यावरही तरंगत राहिली, पाणबुडीला मागाहून येऊन ती पुन्हा मारावी लागली. टँकर मुळात कप्प्याकप्प्यांचा, तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे दोन-तीन टाक्या फुटल्या तरी बाकीच्या त्याला धरून ठेवतात. हे ज्याला माहीत नाही तो लिहितो की "जहाज जणू मरायला तयार नव्हतं". तू असलं काही लिहू नकोस. टाक्यांचा नकाशा लिही.

आणि माल विचारताना राखणीच्या जहाजांचाही विचार. त्या विनाशिकेच्या आणि कॉर्व्हेटच्या टाक्यांत किती होतं? गंमत बघ, म्हणजे गंमत नव्हेच ती. नऊ टँकर भरून तेल मधोमध चाललंय आणि त्यांची राखण करणाऱ्यांना पुरेसं तेल नाही. भर समुद्रात तेल द्यायचं म्हणजे टँकरने मागे होज म्हणजे लांब नळा सोडायचा, तो लाटांवर तरंगत मागच्या जहाजाने उचलायचा, जोडायचा, आणि दोघांनी तासन् तास एका वेगाने चालायचं. समुद्र खवळला की होज तुटतो. ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने, आणखी दक्षिणेकडून जायला सुचवलं होतं. हॅव्हलॉकचा कमांडर बॉयल तेल भरायला शांत पाणी हवं म्हणून उत्तरेच्या वाटेवर राहिला, आणि ती वाट टोळीच्या तोंडात गेली. आता त्याला दोष द्यायचा की नाही हे तू ठरव, सर ठरवोत. मी एवढंच म्हणतो की "दुर्दैवाने पाणबुड्यांशी गाठ पडली" या वाक्यात काहीच नाही, आणि "राखणीच्या टाक्या रिकाम्या होत होत्या" यात सगळं आहे.

रिकाम्या खेपांचं तुझं वाक्य तर मी दोनदा वाचलं. "परतीच्या प्रवासात जहाज रिकामे असल्याने धोका कमी होता." कोणी सांगितलं तुला? पोरी, नुसतं पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळते ती पेटते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला फारशी जागाच नसते. नुकतीच रिकामी केलेली टाकी म्हणजे चार भिंतींत कोंडलेली वाफ. मी टाकीचं झाकण उघडून युलेज, म्हणजे तेलाच्या वर उरलेल्या जागेचं माप, घेतलंय, उन्हात झाकणाच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते, आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हे शरीराला शिकवावं लागतं. पितळेचीच हत्यारं वापरायची, काड्यापेटी खिशात ठेवायची नाही, नाळ मारलेले बूट चालायचे नाहीत. हे आम्ही शांततेच्या काळात, मुंबईच्या बुचर आयलंडच्या तेलधक्क्याला लागून करत होतो. त्यांना अटलांटिकमध्ये, हिवाळ्यात, दिवे बंद ठेवून करावं लागलं. परतीच्या खेपेत काही टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, काही तशाच राहतात. कुठल्या धुतल्या होत्या आणि कुठल्या नाही? विचार. नाही सापडलं तर रकाना मोकळा ठेव, पण रकाना हवा.

भरलेल्या टँकरचं आणखी एक. तो पाण्यात इतका खाली बसतो की वाईट हवेत डेकवरून पाणी आरपार जातं. तुझ्या त्या जुन्या टँकरांची बांधणी तू फोटोत पाहिली असशील: ब्रिज आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या मध्यावर, इंजिन आणि बाकीची माणसं मागे, आणि दोन्ही जोडणारा डेकच्या वर उचललेला लोखंडी पूल, कॅटवॉक. तशा बांधणीच्या बोटीवर मी उमेदवारी केली. पावसाळ्यात आखातातून मुंबईला भरून येताना त्या पुलावर मध्ये उभं राहिलं की खाली डेक दिसतच नाही, नुसतं हिरवं पाणी, आणि त्यातून व्हॉल्व्हची चाकं तेवढी वर आलेली. जेवण मागे शिजायचं, पुढच्यांचं डब्यांतून याच पुलावरून जायचं. टॉर्पेडो मध्यावर लागला की हा पूल मोडतो, मग पुढचे पुढे, मागचे मागे. कोण कुठल्या बोटीत उतरलं ही यादी तुला विचित्र वाटली होती ना? पुलाकडे बघून पुन्हा वाच.

माझ्या त्या पहिल्या बोटीवर एक सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम होता, दाभोळकडचा, केस पिकलेला. लढाईत तो ब्रिटिश बोटींवर होता. त्याच्या प्रत्येक आठवणीची सुरुवात मालापासून व्हायची. "कोळसा होता." "दारूगोळा होता, वर कापूस." मग पुढची हकिकत, ती जेमतेम दोन-तीन वाक्यं. आम्ही पोरं स्फोटाची वाट बघत बसायचो. तो उठून जायचा. त्याच्या सगळ्या खेपा कोणीही लिहून घेतल्या नाहीत. त्या लढाईत हिंदुस्थानचे सहा हजारांहून जास्त खलाशी गेले, त्यांतले कितीतरी रत्नागिरीकडचे. त्यांच्याविषयी आज कोणी बोललंच तर "शौर्य" एवढा एक शब्द बोलतं. माल कोणी विचारत नाही. मला याचा राग येतो. वय झालं तरी येतो.

तू विचारलंस, हे नॉर्वेजियन खलाशी वीर होते की पगारी नोकर. प्रश्नच मला आवडला नाही, तरी सांगतो. 9 एप्रिल 1940 ला जर्मनांनी नॉर्वेवर चढाई केली तेव्हा त्यांची जहाजं जगभर पसरलेली होती. ओस्लोच्या रेडिओवरून हुकूम सुटला, जर्मन ताब्यातल्या नाहीतर तटस्थ बंदरांत जा. लंडनहून सांगणं आलं, दोस्तांच्या बंदरांत या. बाहेरच्या जहाजांनी ओस्लोचं ऐकलं नाही. लंडन आणि न्यूयॉर्कमधून चालणाऱ्या नॉर्ट्राशिप नावाच्या एका सरकारी कंपनीखाली सुमारे 1,000 जहाजं आली, त्यात 200 हून अधिक टँकर. ब्रिटनच्या तेलाचा मोठा वाटा त्यांनी वाहिला. सुमारे निम्मी जहाजं बुडाली, तीन हजारांवर माणसं गेली. जे उरले त्यांना पाच वर्षं घर नाही, कारण घरावर जर्मन बसलेले.

आणि पगार? नॉर्वेजियनांना ब्रिटिश खलाशांहून जास्त मिळतं ही तक्रार झाली, म्हणून तो त्यांच्या बरोबरीला आणला आणि मधला फरक एका गुप्त फंडात टाकत गेले. खलाशी समजत होते, लढाई संपली की हे आपलं. संपल्यावर सरकार म्हणालं, नाही. ते कोर्टात गेले, तिथेही हरले. 1972 ला कुठे संसदेने युद्धकाळात समुद्रावर काढलेल्या दर महिन्यामागे 180 क्रोन मंजूर केले. तोवर कित्येक दारूत आणि झोप उडालेल्या रात्रींत संपले होते. सरकारने माफी मागितली 2013 ला. टँकरवरून उतरवलेल्या तेलाची पावती पाइप सुटायच्या आत होते. आता तू सांग, वीर की पगारी? हा भाग मात्र लेखात घे, आणि आवाज न चढवता घे. आकडे पुरेसे आहेत.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. "काका, वाचणार कोण हे?" मलाही विचारलं होतं. एका दिवाळी अंकासाठी मी टाकी धुण्यावर लेख लिहिला होता. संपादकांचा निरोप आला, छान आहे, पण थरार घाला, एखादी आग लावा. मी लेख परत मागवला. घरात अजून ऐकवतात की आडमुठेपणा केलास, तेवढं घातलं असतंस तर पुस्तक झालं असतं. झालं असतं. पण माझ्या बोटीवर आग लागली नव्हती, ती लागू नये म्हणून आम्ही जे करत होतो त्याच्यावर तो लेख होता. आग लावली असती तर लेखच उरला नसता. मी रुसून लिहिणं सोडलं असं जे म्हणतात त्यांना म्हणू दे. मी रुसलो नव्हतो. मला विचारणारा योग्य माणूस भेटला नव्हता, आणि भेटला असता तर त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला असता हे तुला आता कळलंच असेल. असो. माझं पुराण पुरे.

तुला संवाद घालायची एवढी हौस असेल तर दुसरीकडे बघ. नोव्हेंबर 1940, बंगालचा उपसागर. अटलांटिस नावाच्या वेषांतर केलेल्या जर्मन जहाजाने एका दिवसाच्या अंतराने दोन नॉर्वेजियन टँकर पकडले, टेडी आणि ओल जाकोब. टेडीच्या स्वतःच्या इंजिनासाठीचं थोडं डिझेल काढून घेतलं आणि जहाज जाळून बुडवलं. ओल जाकोब मात्र जपून जपानला पाठवलं. का? टेडीत माल म्हणून जळणतेल होतं, अटलांटिसच्या इंजिनांना त्याचा उपयोग नाही. ओल जाकोबमध्ये विमानाचं पेट्रोल होतं, जपान्यांना हवं असलेलं, आणि त्याच्या बदल्यात जर्मनांना डिझेल मिळालं. त्याच खेपेत ऑटोमेडन या ब्रिटिश जहाजावर सापडलेली गुप्त कागदपत्रंही टोकियोला पोहोचली. इतिहासकार त्या कागदांविषयी भरभरून लिहितात. ते गेले कशावर बसून? पेट्रोलवर. माल पेट्रोल नसता तर ते जहाज तिकडे गेलंच नसतं. हे तुझ्या या लेखात घुसडू नकोस, वेगळं कर. आपल्या किनाऱ्याच्या जवळचं आहे, इथे कोणी नीट लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

सध्या वान्याच. जहाज बदलायचं नाही. तक्त्यात तारखांच्या आधी दोन रकाने वाढव: माल, आणि आदल्या खेपेचा माल. टीएम 1 च्या नऊही जहाजांचे ते भर, फक्त वान्याचे नको. मग शेजारी माणसं किती होती आणि किती वाचली हे लिही. सरांना तो कागद दाखव, काही बोलू नकोस. सर तरीही बुडालेलं जहाज मागत असतील तर माझा नंबर त्यांना दे.

मला पाठवशील तेव्हा मोठ्या अक्षरांत छापून पाठव, फोनवर हे रकाने मला दिसत नाहीत. आणि दुपारी दोन ते चार फोन करू नकोस.

तुझा,
काका