ओटीपी दिला म्हणून तिन्ही व्यवहार माझ्याच माथी?

प्रश्न: मी सांगलीत राहते, शिवणकामाचा व्यवसाय आहे. दोन लाखांची मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड आहे. एका शुक्रवारी संध्याकाळी ‘कार्ड विभागातून बोलतोय, वार्षिक फी माफ करून देतो’ असा फोन आला. त्याने मागितलेला ओटीपी मी सांगितला आणि ४८,५०० रुपये गेले. वीस मिनिटांत हेल्पलाइनला कळवून कार्ड बंद करायला सांगितलं, तक्रार क्रमांक घेतला. तरी त्याच रात्री ३१,२०० चा आणखी एक व्यवहार झाला. त्याचा ओटीपी मी कुणालाच दिलेला नाही. शनिवारी ॲप उघडलं तर सोमवारचा, परदेशी वेबसाइटवरचा २२,७०० चा व्यवहार दिसला. त्याचा मेसेज त्याच दिवशी आला होता, माझं लक्ष गेलं नाही. तोही लगेच कळवला. आता बँक म्हणते, ओटीपी दिलात, सगळे पैसे भरा. वसुलीचे फोन सुरू आहेत. मिस्टर म्हणतात, भरून टाक आणि विषय संपव. काय करू?

उत्तर: ताई, एवढ्यात भरून टाकू नका. तुमच्या एका ओटीपीच्या आधारावर बँकेने तिन्ही व्यवहार तुमच्या नावावर टाकलेत. नियम तसा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. ती ठरवताना चूक कुणाची आणि बँकेला कधी कळवलं, हे दोन प्रश्न विचारायचे असतात, आणि तेही दर व्यवहाराला वेगळे. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे.

आधी कडू भाग. ४८,५०० चा ओटीपी तुम्ही स्वतः दिलात. अशा निष्काळजीपणात बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, असं परिपत्रक स्पष्ट सांगतं. ऑनलाइन फसवणुकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेविरुद्धचा निकाल कायम ठेवला, तो व्हॉट्सॲपवर ‘आता सगळे पैसे परत’ अशा थाटात फिरतो. त्या प्रकरणात ग्राहकाचा निष्काळजीपणा सिद्ध झालेला नव्हता. त्यावर फार विसंबू नका. या रकमेसाठी वाट एकच: पैसे गेले तिथेच अडवणं. तुम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनचा उल्लेख केलेला नाही. तिथे तक्रार केली नसेल तर आजच करा, आणि ही रक्कम कोणत्या दुकानाकडे किंवा वॉलेटकडे गेली हे बँकेला लेखी विचारा. उशीर झालाय, फार आशा दाखवत नाही.

आणि तक्रारीत ‘मी ओटीपी दिलाच नाही’ असं लिहायचा मोह टाळा. हेल्पलाइनवरचे कॉल रेकॉर्ड होतात. पहिल्या व्यवहारात तुम्ही खोट्या ठरलात की उरलेल्या दोन्ही दाव्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरा व्यवहार, ३१,२०० चा, पूर्णपणे बँकेचा. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं, मग आधी ओटीपी दिलेला असो वा नसो. बँकेकडे एकच बचाव उरतो: ‘मंजुरी आधीच झाली होती, नोंद नंतर पडली’. म्हणून तीन गोष्टी लेखी मागा: व्यवहार मंजूर झाल्याची नेमकी वेळ, तुमच्या कॉलची नोंद आणि कार्ड ब्लॉक केल्याची वेळ. बिलात नुसती तारीख असते, आणि या वादात सगळा खेळ तासा-मिनिटांचा आहे. तक्रार क्रमांकाचा मेसेज जपून ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा.

तिसरा व्यवहार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बँक त्याच्यावर बोलतच नाही. तो त्या फोनच्या चार दिवस आधीचा आहे. शुक्रवारी दिलेल्या ओटीपीने सोमवारचा व्यवहार कसा होईल? चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला शून्य भुर्दंड. मेसेज आल्याचा दिवस मोजायचा नाही. मंगळवारपासून मोजलं तर शनिवारी कळवून तुम्ही चार ते सात कामकाजाच्या दिवसांच्या टप्प्यात येता, आणि पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डाला या टप्प्यात ग्राहकाचा वाटा जास्तीत जास्त १०,००० रुपये. म्हणजे निदान १२,७०० बँकेचे.

पण इथे थांबू नका. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की नवं कार्ड देताना ते फक्त भारतातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतंच चालू असावं. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. ज्या जुन्या कार्डांवर असा वापर कधी झालाच नव्हता, त्यांचीही ती सोय बंद करायची होती. तुम्ही परदेशी व्यवहार कधी सुरू केले नसतील, तर तो झालाच कसा याचं उत्तर बँकेने द्यायचं. तिथे बँकेची त्रुटी दिसली तर तुम्ही किती दिवसांनी कळवलंत हा मुद्दाच उरत नाही, पूर्ण २२,७०० बँकेचे. ॲपमधल्या परदेशी व्यवहार चालू-बंद करण्याच्या बटणाचा आजचा स्क्रीनशॉट घ्या.

आता बिलाचं. तुमची स्वतःची खरेदी आणि ४८,५०० देय तारखेच्या आत भरा. ४८,५०० ‘हक्क राखून’, म्हणजे भरले तरी तक्रार सोडलेली नाही असं सांगून, भरत असल्याचा ईमेल बँकेला करा. नुसता ‘मिनिमम ड्यू’ भरून गप्प बसू नका, उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं. बाकीचे ५३,९०० वादग्रस्त आहेत असं त्याच ईमेलमध्ये लिहा. अनधिकृत व्यवहाराची रक्कम कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती परत जमा करायची आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा, हे बँकेवर बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांप्रमाणे फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावता येत नाही, आणि वाद मिटेपर्यंत थकबाकीदार म्हणून सिबिलला कळवताही येत नाही. वसुलीवाल्याला हेच सांगा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्याने फोन करायचा नाही. ‘अर्ध्यात सेटलमेंट करू’ म्हणाला तर नाही म्हणा, ‘सेटल्ड’ हा शेरा सिबिलमध्ये राहतो आणि पुढे मशीनसाठी कर्ज घेताना आडवा येतो.

पोलिसांत तक्रार जवळच्या ठाण्यातही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६सी (ओळखचोरी) आणि ६६डी (तोतयेगिरी करून फसवणूक) इथे लागतात. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा.

बँकेला लेखी तक्रार नोडल अधिकाऱ्याच्या (बँकेतल्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नावे द्या, तिन्ही व्यवहारांचे वेगळे परिच्छेद करून. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो आणि सांगलीतच दाद मागता येते. पण आधी आयोगात गेलात तर लोकपाल तुमचं प्रकरण घेणार नाही, म्हणून क्रम हाच ठेवा.