चयापचय, अपचन आणि वृद्ध उंदीर

प्रश्न असा आहे: "'वाढीचं संप्रेरक नसलेले उंदीर जास्त जगतात, कारण त्यांचा चयापचय मंद असतो,' असं वाक्य वाचलं. चयापचय म्हणजे पचनच ना? मग अपचय म्हणजे अपचन का?"

नाही. कानाला हे शब्द जुळे वाटतात, पण त्यांची फोड वेगवेगळ्या जागी होते. अपचन म्हणजे अ + पचन. 'अ' नकाराचा, धातू पच्, म्हणजे शिजवणं. अपचय म्हणजे अप + चय. इथे धातू चि, म्हणजे गोळा करणं, रचणं. संचय आणि चिता या शब्दांतही तोच आहे. रचणं तो चय, रचलेलं मोडणं तो अपचय, आणि दोन्ही मिळून चयापचय. रात्री खाल्लेली भाकरी आतड्यात फुटून रक्तात उतरली की पचन संपलं. त्यातली साखर यकृतात साठवली गेली, हा चय. पहाटे उपाशीपोटी तोच साठा मोडून साखर पुन्हा रक्तात आली, हा अपचय.

ही फोड लक्षात ठेवली की मूळ वाक्यातला 'मंद' खटकायला लागतो. एम्स जातीच्या खुज्या उंदरांची पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी वाढीचं संप्रेरक बनवत नाही. ते साध्या उंदरांच्या साधारण दीडपट जगतात, हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्यात कमी पडतो तो मुख्यतः चयाचा हुकूम. हे संप्रेरक एरवी यकृताकडून आयजीएफ-1 नावाचं प्रथिन तयार करवून घेतं आणि ते पेशींना 'वाढा, रचा' असं सांगत राहतं. कुत्र्यांकडे बघा. चिमुकल्या पामेरियनच्या रक्तात आयजीएफ-1 कमी, धिप्पाड ग्रेट डेनच्या रक्तात भरपूर. पामेरियन सहज बारा-चौदा वर्षं काढतो, ग्रेट डेन बहुधा आठ-नऊ वर्षांतच जातो. आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे चयापचय जास्त वेगाने चालतो तो पामेरियनचाच! तेव्हा 'चयापचय मंद म्हणून आयुष्य लांब' हे सरसकट लिहू नये. 'चयाचा जोर कमी' हे जास्त नेमकं.

विचारलेलं नाही, तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाढीच्या संप्रेरकाला पुस्तकात वृद्धिसंप्रेरक म्हणतात. वृद्धी आणि वृद्ध दोन्ही वृध् या एकाच धातूचे. वृद्ध म्हणजे मुळात 'वाढलेला'. झिजलेल्यासाठी जीर्ण आहे, जर्जर आहे, पण म्हाताऱ्या माणसाला आपण 'वाढलेला' म्हणत आलो. घरात मूल जन्मलं की सोयर पाळतात, तिलाही कित्येक घरांत 'वृद्धी' म्हणतात. या उंदरांवर लिहिताना म्हणूनच मी 'जरा' (म्हातारपण) हा शब्द न वापरता 'वृद्धत्व' वापरते: 'ज्यांची वृद्धी थोडी, त्यांचं वृद्धत्व उशिरा.'