नात शाळेत जाईल, आजोबा घरात असतील

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील मिसिसागाहून आलेल्या एका पत्राला फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेले हे सविस्तर उत्तर; यातल्या तारखा आणि शाळेचे व कोविडचे नियम तेव्हाचे आहेत. पत्र लिहिणारी एके काळी इथे बडोद्यात, दांडिया बाजारातील आमच्या मराठी शाळेत माझ्या वर्गात होती आणि अजूनही मला 'बाई' म्हणते, म्हणून तिला एकेरीत लिहिते. इतर वाचकांनी त्याचा राग मानू नये.

तिचा प्रश्न असा आहे. मुलगी सात वर्षांची असून दुसरीत आहे. मार्च २०२० मध्ये ती बालवर्गात असताना कोविडमुळे शाळा बंद झाली, आणि पुढे ओंटारिओत शाळा उघडल्या-मिटल्या तरी घरून शिकण्याचा पर्याय असल्यामुळे हिने मुलीला ऑनलाइनच ठेवले. ऑक्टोबरात सासू-सासरे बडोद्याहून आले. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि त्यांची बायपास झालेली आहे. आता शाळा विचारते आहे की मुलीला प्रत्यक्ष वर्गात पाठवणार का. हिला पाठवायचे आहे, नवऱ्याचे म्हणणे असे की आईबाबा मे महिन्यात परत जाईपर्यंत थांबू, आणि सासूबाई म्हणतात की घरी छान शिकते आहे, पाढे म्हणते, शुभंकरोती म्हणते, मग घाई कशाला?

तुझे पत्र मी दोनदा वाचले. त्यात नवऱ्याचे मत आहे, सासूबाईंचे आहे, तुझ्या बहिणीचे आहे, शेजारणीचेही आहे. ज्यांच्यासाठी हा सगळा विचार चालला आहे त्या सासऱ्यांचे मात्र कुठेच नाही. त्यांना अजून कोणी विचारलेले नसावे. आधी त्यांना विचार, आणि तेही सर्वांसमोर जेवताना नको, कारण तिथे ते 'माझं काय, मी तर म्हातारा' असे म्हणून मोकळे होतील. मुलगा आणि वडील दोघेच असताना विचारलेले बरे. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांकडून जिथे दंड वसूल होत असे, तिथल्या आजोबांना आपल्यामुळे नात शाळेबाहेर राहिली हे पसंत पडेल असे मला तरी वाटत नाही. पण हा माझा अंदाज झाला; उत्तर त्यांच्याच तोंडून आले पाहिजे.

सासूबाईंची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या इथेच होत्या. त्या महिन्यात फोन वाजला की तो घ्यायला हात धजत नसे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना 'आता कोविडचा ओमायक्रॉन प्रकार सौम्य आहे' या वाक्याने धीर येत नाही, आणि हृदयविकार व मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत ते वाक्य गृहीत धरून चालणेही बरोबर नाही.

माझे मत विचारशील तर मुलीला पाठव. फॅमिली डेची सुट्टी यंदा, २०२२ मध्ये, २१ फेब्रुवारीला आहे. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिला पाठवायला सुरुवात कर. पहिला आठवडा चार दिवसांचा मिळेल आणि १४ मार्चपासून मार्च ब्रेक आहे, म्हणजे साधारण तीन आठवडे शाळा झाली की तिला आणि तुम्हा सर्वांना दम घ्यायला आठवडा मिळेल. लसीचा पहिला डोस तिला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाला आणि आठ आठवड्यांच्या अंतराने दुसरा जानेवारीच्या अखेरीस, असे तू लिहिले आहेस. तेव्हा त्या मंगळवारपर्यंत दुसऱ्या डोसलाही दोन आठवडे उलटून गेलेले असतील. मेपर्यंत थांबलीस तर वर्षच संपते, आणि सप्टेंबरात ती थेट तिसरीत जाऊन बसेल, पहिली-दुसरीचा वर्ग न पाहता.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्याकडे १६ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि पहिली ते पाचवीचे वर्ग उघडायला २२ नोव्हेंबर २०२१ उजाडला. वीस महिने! घोषणा रविवारी झाली आणि शाळा सोमवारी. जानेवारीत ते वर्ग पुन्हा बंद झाले आणि ७ फेब्रुवारीला परत सुरू झाले. या उघडझाकीत मुले काय विसरली हे मला शेजारपाजारच्या मुलांवरून चांगले दिसले. अक्षरओळख फारशी गेली नव्हती. आपला नंबर येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकणे, पट्टी हरवली तर रडे न आणता शेजारच्याकडे मागणे, हे गेले होते. ऑनलाइन वर्गात आई दोन हातांवर बसलेली असते, त्यामुळे हे काही लागतच नाही. तुझी मुलगी घरी छान शिकते यावर माझा विश्वास आहे, परंतु आजोबांकडून पाढे शिकणे आणि वीस मुलांमध्ये बसून शिकणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आता या पत्राचा मुख्य भाग. माझा नातू इथे दुसरीत आहे आणि त्याच्या आजोबांना दमा आहे. नोव्हेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा मी रोज दारातच उभी राहत असे. बूट बाहेर, दप्तर बाल्कनीत, कपडे थेट बादलीत, आंघोळ, आणि मग घरात. जुन्या सोवळ्या बायकांनासुद्धा लाजवील असा थाट होता. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते, पण मी त्याला रोज एक वाक्य ऐकवत असे : "आजोबांजवळ जाऊ नकोस, तुझ्यामुळे त्यांना काही झालं तर?" डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी न्हाणीघरातला नळ बराच वेळ चालू राहिला म्हणून मी दार ढकलले. पोरगा टॉवेलात तोंड खुपसून खोकत होता आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडून ठेवला होता. दोन दिवसांपासून घसा दुखत होता; त्याने कोणाला सांगितले नव्हते, आणि दोन्ही दिवस तो शाळेत जाऊन आला होता.

साधी सर्दी निघाली. पण मी शिक्षिका असून ही चूक केली, म्हणून तुला सांगते : 'तुझ्यामुळे' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारता कामा नये, सासूबाईंनी तर नाहीच नाही. मुलाला दोष लागणार असे वाटले की ते लक्षण लपवते, आणि लपवलेले लक्षण हाच आजोबांना खरा धोका आहे. तुमच्याकडे तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. ओंटारिओत डिसेंबर २०२१ च्या अखेरीपासून पीसीआर चाचणी सर्वांना उपलब्ध नाही. वर्गातील प्रत्येक रुग्णाची खबर शाळा आता देत नाही. गैरहजेरी साधारण ३० टक्क्यांवर गेली तरच पालकांना कळवले जाते. म्हणजे शाळेत जाण्यापूर्वी रोज सकाळी भरायची ती लक्षणांची यादी आणि शाळेने दिलेले रॅपिड टेस्टचे दोन संच, एवढाच काय तो पहारा, आणि तोही सात वर्षांच्या मुलीने 'आई, घसा खवखवतोय' असे न घाबरता सांगितले तरच उपयोगाचा.

तेव्हा तिला उलट सांगून ठेव. घसा दुखला, नाक वाहिले, पोट बिघडले तर लगेच सांगणारा माणूस घरात सर्वांत शहाणा, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी, वर आवडीचे काहीतरी खायला. आजोबांनीच हे तिला सांगितले तर फारच उत्तम. माझ्या नातवाला मी हे पुन्हा पहिल्यापासून शिकवले. त्याला आठवडा लागला, मला जास्त.

दप्तर पुसणे, डबा सॅनिटायझरने धुणे, दारातच कपडे बदलणे हे सगळे सोडून दे. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही भाजीसुद्धा साबणाने धूत होतो, पण हा आजार मुख्यतः श्वासावाटे, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो हे आता स्पष्ट आहे. घरात आल्यावर साबणाने हात धुतले की पुरे. तुझे कष्ट हवेकडे वळव. थंडीमुळे तुमची घरे फेब्रुवारीत चारही बाजूंनी बंद असतात आणि घर तापवणारा फर्नेस तीच हवा खोल्याखोल्यांतून फिरवतो. त्याला झेपत असेल तर बारीक कण अडवणारी मर्व्ह १३ दर्जाची गाळणी बसवून घे आणि ती बसवल्यावर फर्नेसचा पंखा सतत चालू ठेव. बैठकीच्या खोलीत हवा स्वच्छ करणारे हेपा गाळणीचे एक यंत्र ठेव. मुलगी शाळेतून आल्यानंतर दहा मिनिटे खिडकी उघड, आजोबांना त्या वेळी शाल पांघरू दे. शाळेत या फेब्रुवारीत (२०२२) पहिलीपासून मास्क सक्तीचा आहेच. तो तोंडाला नीट बसतो ना, हे आरशासमोर तिलाच पाहू दे.

जेवण वेगळे करावे का, असे तू विचारले आहेस. रोज नको. आजी-आजोबा इतक्या लांब आले ते नातीला काचेआडून पाहायला नव्हे. मात्र लक्षण दिसेल त्या दिवसाची योजना आजच ठरवून ठेव, कारण त्या दिवशी सुचत नाही. आमच्याकडे सगळे पहिल्यांदा मुलाला एका खोलीत बंद करायला निघतात. सात वर्षांचे मूल एकटे राहत नाही, आणि राहिले तरी ती शिक्षा होते. मुलगी तुझ्याजवळच राहील. हलायचे ते आजी-आजोबांनी. तुमच्या बेसमेंटमध्ये खोली आणि न्हाणीघर आहे असे तू लिहिले आहेस, तिथे अंथरूण, त्यांच्या औषधांची डबी, साखर तपासण्याचे यंत्र आणि चहाची किटली आत्तापासून ठेवून दे. २०२२ च्या या नियमाप्रमाणे लस झालेल्या किंवा बारा वर्षांखालील रुग्णाला पाच दिवस घरी राहावे लागते. आजोबांसाठी मी त्यात आणखी काही दिवस घालीन.

सासऱ्यांना बूस्टर मिळाला का, हे पत्रात नाही. बडोद्यात त्यांना कोविशील्डचे दोन डोस मिळाले असणार आणि बूस्टरआधी लागणारे ८४ दिवसांचे अंतर केव्हाच उलटले असणार. ओंटारिओत या वर्षी (२०२२) सरकारी हेल्थ कार्ड नसलेल्यांनाही लस मिळते, तेव्हा 'आम्ही पाहुणे, आम्हाला कोण देणार' या समजात राहू नका. मुलगी शाळेत जाण्याआधी हे काम झाले तर सर्वांत चांगले. त्यांच्या हृदयाच्या औषधांबद्दल इथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घे आणि प्रवासी विम्याच्या कागदांत कोविडचा खर्च धरला आहे का तेही वाचून काढ. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

सासूबाईंच्या पाढ्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो लहान नाही. या दोन वर्षांत परदेशातल्या कितीतरी मुलांचे मराठी सुधारले, त्याचे श्रेय बंद शाळांना आणि घरात अडकलेल्या आजी-आजोबांना आहे. शाळेतून आल्यावर अर्धा तास आजीचा म्हणून राखून ठेव. पाढे नकोत, दमलेली असेल. आज शाळेत काय झाले ते तिने आजीला मराठीतून सांगायचे. वर्गातली कोणती मुलगी कशी बोलते, बाईंनी काय चिडून सांगितले, हे मराठीत सांगताना तिला जे शब्द अडतील ते आजी देतील. सासूबाईंचा विरोध निम्मा इथेच मावळेल असा माझा होरा आहे, कारण त्यांना भीती आजाराची आहेच, पण हाती आलेली नात निसटण्याचीही आहे.

आता एक अगदी किरकोळ गोष्ट. खालच्या मजल्यावरची पहिलीतली मुलगी नोव्हेंबरात तीन दिवस भरलेला डबा तसाच परत आणत होती. तिचे मन शाळेत रमत नाही, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. चौथ्या दिवशी मी तिला समोर बसवून डबा उघडायला सांगितला. स्टीलचा नवा डबा, झाकण घट्ट. तिच्याने ते निघेना. वीस महिने घरी आईच उघडून देत होती, आणि एकमेकांच्या डब्याला हात लावायचा नाही अशी वर्गात ताकीद असल्यामुळे तिने कोणाला सांगितलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी जुना सैल झाकणाचा डबा दिला, तो चाटूनपुसून परत आला.

तुझ्याकडे तर फेब्रुवारीचा बर्फ आहे. स्नोपँट, बूट, जॅकेटची चेन आणि हातमोजे हे सगळे तिला एकटीने, घंटा झाल्यावर चार मिनिटांत चढवता आले पाहिजे, कारण बाई वीस मुलांच्या चेना लावत बसणार नाहीत. बर्फात खेळून मास्क ओला होतो आणि ओला मास्क काही कामाचा राहत नाही, म्हणून दप्तरात दोन कोरडे मास्क आणि ओल्यासाठी वेगळी पिशवी घाल. येत्या शनिवार-रविवारी घरातच तालीम घे : आजोबांच्या हातात घड्याळ, आजी बाई झालेल्या, आणि मुलीने सगळे चढवायचे, मास्क बदलायचा, मग डबा उघडून त्यातला एक घास आजोबांना दाखवून खायचा. कितव्या खेपेला जमले ते मला कळव.