मोडी वळणाचा टाइप बनवताय? आधी बोरू हातात घ्या

शीर्षकांसाठी मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या धावत्या लिपीच्या, वळणाचा देवनागरी टाइप (फॉन्ट) बनवायला घेतलात, फार बरं वाटलं. पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी महिनाभर बोरूने, म्हणजे टोक तिरकं कापलेल्या काडीच्या लेखणीने, लिहा, ही कळकळीची विनंती. रोमन कॅलिग्राफीचं निब नको. आपल्या बोरूचा काप त्याच्या उलट असतो, त्यामुळे त्या निबने अक्षराचा जाडपणा भलत्याच ठिकाणी येतो. दोन्हींनी एकेक 'र' काढून शेजारी ठेवा, लगेच दिसेल.

मोडी लिहिणारे आधी कागदभर आडवी रेघ ओढत, मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरं लिहीत. ती धाव हेच मोडीचं सौंदर्य. मी पहिल्या टाइपात नुसते गोल फाटे प्रत्येक अक्षराला लावले होते. 'श्री'चा गुंता झाला आणि सगळं पुन्हा काढावं लागलं. म्हणून 'श्री', 'क्ष', 'ष्ट्र' सुरुवातीलाच रेखाटून बघा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच ठेवा.

आणखी एक. देवनागरीच्या जागी अस्सल मोडी अक्षरं बसवू नका. युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मोडीला २०१४ पासून स्वतःची जागा आहे.

पहिला 'र' जमला की दाखवा, मी नक्की बघेन.