वाचकांचे प्रश्न : भाऊसाहेब पानिपतावर कशासाठी लढले?

प्रश्न : पानिपतच्या युद्धावरील २०१९ सालचा हिंदी चित्रपट मी नातवाबरोबर घरी पुन्हा पाहिला. त्यात सदाशिवरावभाऊ देशाच्या मातीसाठी लढताना दिसतात. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा राजस्थानात मोठा विरोध झाल्याचेही वाचले होते, कारण त्यात भरतपूरचा जाट राजा सूरजमल आग्र्याच्या किल्ल्याच्या बदल्यात मदत देऊ करतो आणि ती अट मान्य होत नाही म्हणून बाजूला होतो, असे दाखवले होते. नातवाने विचारले, “आजोबा, त्यांच्या मनात खरंच हेच होतं का?” मला उत्तर देता आले नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनातले आपल्याला कळणार तरी कसे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या नातवाने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. वेशभूषा, तोफांचे आकार आणि लढाईचे डावपेच यांतल्या चुका जाणकार लगेच दाखवतात, पण हेतूतली चूक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही आणि प्रेक्षक नेमकी तीच घेऊन घरी जातो. चित्रपटाने संवाद रचले याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तंबूत कोण काय बोलले याची नोंद ठेवणारा तेथे क्वचितच असे. मी एवढेच पाहतो की, ज्या माणसाने आपले कारण स्वतःच्या पत्रात किंवा कृतीत मागे ठेवले आहे, त्याच्याकडून ते काढून घेऊन दुसरे कारण त्याच्या माथी मारले आहे का.

भाऊसाहेबांच्या बाबतीत अशी कारणे पुष्कळ सापडतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो मुख्यतः याच काळातील पत्रांचा आहे. त्यातील भाऊंची पत्रे वाचताना मातीविषयीच्या उद्गारांपेक्षा पैशाची निकड अधिक जाणवते. गोविंदपंत बुंदेल्यांना ते पुन्हापुन्हा लिहितात की, ऐवज पाठवा, शत्रूच्या मुलखात धामधूम करून त्याची रसद तोडा. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, तेव्हा फौजेचा खर्च भागवण्यासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडावी लागली. पडद्यावर हे दृश्य नायकाला शोभणारे नाही, पण लाखाच्या घरात गेलेल्या लष्कराला आणि बुणग्यांना, म्हणजे सोबतच्या बिनलढाऊ माणसांना, रोज अन्न पुरवणाऱ्या सेनापतीची विवंचना त्याइतकी दुसऱ्या कशातून दिसेल असे मला वाटत नाही.

पैशाच्या जोडीला करार होता आणि इभ्रतही होती. १७५२ साली सफदरजंगाच्या मध्यस्थीने ठरलेल्या करारानुसार अब्दालीपासून आणि घरच्या बंडखोरांपासून दिल्लीच्या मोगल पातशाहीचे रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी घेतली होती आणि त्या बदल्यात त्यांना रोख रक्कम, पंजाब-सिंधची चौथाई आणि आग्रा व अजमेर येथील सुभेदारी मिळायची होती. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, त्यामुळे उत्तरेतला सगळा दरारा पणाला लागला. उदगीरला निजामावर मिळवलेला विजय ताजा असतानाच, मार्चमध्ये भाऊ परतूरहून निघाले ते या दोन्ही गोष्टी सावरण्यासाठी. ऑक्टोबरात त्यांनी दिल्लीच्या तख्तावरून वजिराने बसवलेला शहाजहान तिसरा उतरवला आणि बिहारकडे असलेल्या शाह आलमच्या नावाने द्वाही फिरवून त्याच्या मुलाला वलीअहद, म्हणजे तख्ताचा वारस, नेमले. तैमूरच्या वंशाचे तख्त राखायचे आणि त्या तख्तामागची सत्ता पुण्याची असावी, हे त्यांचे राजकारण होते. ‘हिंदुस्थान’ हा शब्द त्या काळच्या पत्रांत जागोजागी भेटतो, पण त्याचा अर्थ बहुधा नर्मदेपलीकडचा मुलूख असा असतो. आजच्या नकाशावरचा देश त्या शब्दात पाहिला की भाऊंचे खरे धाडस झाकले जाते. आपल्या ओळखीच्या मुलखापासून एवढ्या दूर, पुरेसा पैसा नसताना आणि राजपूत संस्थानिक तटस्थ राहिले असताना त्यांनी ही जबाबदारी अंगावर घेतली होती.

आता सूरजमलाविषयी. विरोधानंतर निर्मात्यांनी तो भाग कापला. तरीही मूळ दृश्याचा विचार केला पाहिजे, कारण त्यात एक चूक लपलेली आहे जी इतिहासलेखनातही वारंवार होते. सूरजमलाने आग्र्याचा किल्ला घेतला, पण तो जून १७६१ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर पाच महिन्यांनी, मराठ्यांची सत्ता उत्तरेत कोसळल्यावर. पुढे घडलेल्या गोष्टीवरून त्या माणसाच्या आधीच्या मनाचा निवाडा केला की असे दृश्य तयार होते. १७६० च्या उन्हाळ्यातले, पानिपतापूर्वीचे मतभेद खरे तर दोन मोठ्या प्रश्नांवर होते. पहिला युद्धपद्धतीचा : बायकामुले, बुणगे आणि जड तोफा ग्वाल्हेर-झाशीला किंवा जाटांच्या किल्ल्यांत ठेवाव्यात आणि सड्या फौजेने गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला सूरजमलाने दिला आणि मल्हाररावांनीही त्याला दुजोरा दिला, पण भाऊंनी तो मानला नाही. दुसरा वजिरीचा : पातशाहीचा वजीर गाजीउद्दीन इमादुल्मुल्क सूरजमलाच्या आश्रयाला होता आणि वजिरी त्याच्याकडेच राहावी असे सूरजमलाला वाटत होते, तर भाऊ अवधचा नवाब शुजाउद्दौला याला आपल्याकडे वळवण्याच्या खटपटीत असल्याने त्यांना ते पद शुजासाठी मोकळे हवे होते. राज्य राखू पाहणारा शहाणा राजा म्हणून सूरजमलाचा स्वार्थ होता, हे त्याच्या भक्तांनीही नाकारू नये. पण त्याच स्वार्थी म्हटलेल्या राजाने पराभवानंतर उपाशी, जखमी, अंगावर धड वस्त्र नसलेल्या मराठ्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला, अब्दालीचा रोष ओढवून घेण्याची भीती असतानाही दिला. बाजीराव-मस्तानीचे चिरंजीव समशेरबहाद्दर यांनी त्याच्या राज्यात, डीग येथे अखेरचा श्वास घेतला. एका किल्ल्याच्या सौद्यात हा माणूस मावत नाही.

सड्या फौजेचा सल्ला भाऊंनी का नाकारला, याचे उत्तरही एकट्या भाऊंच्या स्वभावात शोधणे मला अपुरे वाटते. लष्कराबरोबर हजारो माणसे काशी-प्रयागच्या यात्रेच्या ओढीने निघाली होती. विशीच्या आत असलेले नाना फडणीस आई आणि पत्नीसह त्यांत होते. इब्राहिमखान गारद्याचे पायदळ आणि तोफखाना हा भाऊंचा मोठा भरवसा होता आणि उदगीरने तो खरा ठरवला होता. तोफांवर विसंबलेली सेना आणि पळते घोडदळ यांचा मेळ बसणे कठीण, म्हणून तोफा मागे ठेवणे म्हणजे जे शस्त्र आताच जिंकून आले ते टाकून देणे, असे भाऊंना वाटले असणार.

याच इब्राहिमखानाचा एक प्रसंग आपल्या नातवाला जरूर सांगा. शेवटी अब्दालीच्या बाजूला गेलेल्या शुजाउद्दौल्याच्या नोकरीत असलेल्या काशीराज पंडिताने लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी फारसीत हकिकत लिहिली. तिच्यानुसार युद्धाच्या दिवशी इब्राहिमखान भाऊंसमोर येऊन म्हणाला की, मी माझ्या लोकांचा पगार दरमहा रोख मागतो म्हणून आपण माझ्यावर नाराज असता, तो पगार आम्ही फुकट घेतला नाही हे आज पाहा. त्याचे पायदळ अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर तुटून पडले आणि त्यात त्याची बहुतेक माणसे कामी आली. चित्रपटांना स्वामिनिष्ठा प्रिय असते आणि पगाराचा उल्लेख त्यांना खटकतो. मला मात्र या माणसाची निष्ठा त्या पगाराच्या बोलण्यामुळेच अधिक खरी वाटते. काशीराज त्या वेळी शत्रूच्या छावणीत होता, तेव्हा हे शब्द त्याने स्वतः ऐकलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच हकिकतीतली दुसरी गोष्ट मात्र थेट त्याच्या हाती आलेली आहे. तहाची बोलणी काशीराजामार्फत चालू होती. शुजा अनुकूल होता, पण अब्दालीचा साथीदार असलेल्या रोहिला सरदार नजीबखानाने तह होऊ दिला नाही. सैनिकांनी भाऊंना सांगितले की, दोन दिवस कोणाच्या पोटात अन्न नाही, उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू. त्या रात्री भाऊंची चिठ्ठी काशीराजाकडे आली, तिचा आशय असा : पेला काठोकाठ भरला आहे, आता थेंबही मावणार नाही; काही करता येत असेल तर करा, नाहीतर स्पष्ट जबाब पाठवा, यानंतर लिहिण्या-बोलण्यास वेळ राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पहाटे भाऊ कशासाठी निघाले, याचे उत्तर त्यांच्याच शब्दांत हे आहे. चित्रपटाच्या कोणत्याही भाषणापेक्षा ही चिठ्ठी मला अधिक हलवून जाते.

प्रश्न : मल्हारराव होळकरांनी नजीबखानाला मुद्दाम जिवंत ठेवले आणि पानिपतावरून पळ काढला, असे कथा-कादंबऱ्यांत आणि पडद्यावर सुचवले जाते. आमच्याकडे हे ऐकताना फार वाईट वाटते. यात तथ्य किती?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नजीबखान राखावा, नाहीतर पेशवे आपल्याला धोतरे बडवायला लावतील, अशा अर्थाचे मल्हाररावांचे बोलणे ‘भाऊसाहेबांची बखर’ सांगते. बखर वाचताना ती रोजची बातमीपत्रे नव्हे, घडून गेल्यावर रचलेली कथा आहे आणि तिचा ओढा शिंद्यांकडे आहे, हे विसरू नये. आजचा पटकथाकार करतो तेच बखरकाराने केले आहे : घडलेली गोष्ट समोर ठेवून तिला शोभेल असा हेतू त्याने पात्राच्या तोंडी घातला आहे. मल्हाररावांनी नजीबखानाला पूर्वी पाठीशी घातले, हे मात्र खरे आहे आणि त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागली.

रणांगण सोडण्याविषयी काशीराज वेगळे सांगतो. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊंनी मल्हाररावांना निरोप पाठवला की, आधी सांगितल्याप्रमाणे करावे, आणि त्यानंतर मल्हारराव निघाले, असे ऐकिवात असल्याचे तो लिहितो. आधी काय सांगितले होते, ते त्याच्या हकिकतीत नाही.